मंडळी, एकूण एक

“आपण कोणासमवेत प्रवास करणार आहात?” काचेपलीकडच्या मुलीने विचारलं.

लिफ्टवाले खुर्चीत सावरून बसले. मुलगी दुभाषी होती. तिच्या शेजारी व्हिसाचा अधिकारी बसला होता. तो त्याच्या भाषेत विचारायचा आणि ती ते लग्नपत्रिकेतल्या मराठीत आणायची. ‘समवेत’ हा शब्द जिवंत माणसाच्या तोंडून लिफ्टवाल्यांनी पहिल्यांदाच ऐकला.

“मंडळींबरोबर,” ते म्हणाले.

तिने भाषांतर केलं. अधिकाऱ्याने भुवया उंचावल्या आणि काहीतरी टिपून घेतलं.

“मंडळींमध्ये एकूण किती जण आहेत?”

“किती म्हणजे? एकच.”

“आणि ही मंडळी सध्या कुठे आहे?”

“घरीच. पडून आहेत.”

“या मंडळींचं नेतृत्व कोण करतं?”

प्रश्न लिफ्टवाल्यांना जरा घरगुती वाटला. पण खरं तेच सांगायचं, असं त्यांना बजावलेलं होतं. “त्याच करतात,” ते म्हणाले. “पहिल्यापासून.”

चार दिवसांनी पासपोर्ट परत आला, सोबत नकाराचा कागद. अर्जदाराने अर्जात पत्नी लिहिली आहे, मुलाखतीत मात्र समूहाचा उल्लेख केला आहे. प्रवासाचा खरा हेतू संशयास्पद वाटतो.

“समूह,” बायको म्हणाली. ती पलंगावर उशीला टेकून बसली होती. “एवढी वर्षं संसार केला आणि शेवटी मी समूह झाले.”

“मला काय माहीत ती पोरगी शब्दाला शब्द लावील.”

“बायको म्हणायला काय जीभ झडते तुमची?”

जीभ झडत नव्हती, पण वळतही नव्हती. चारचौघांत लिफ्टवाल्यांनी तिचा उल्लेख कधी ‘मंडळी’ असा केला, कधी ‘घरून’ असा (“घरून फोन होता”), आणि फारच वेळ आली तेव्हा ‘आमची ही’ म्हणून हाताने हवेत एक दिशा दाखवली. बायको हा शब्द दुसऱ्यांच्या बायकांसाठी असतो, अशी त्यांची एक सभ्य समजूत होती.

तिच्या हाडांमधला रक्त तयार करणारा कारखाना बंद पडत चालला होता. तो पुन्हा सुरू करायचा तर तिच्या भावाच्या हाडातला ऐवज लागणार होता, कारण जगात तोच एक जुळला होता. भाऊ अर्धं आयुष्य परदेशात, आणि आता गुडघ्यांपासून हृदयापर्यंत इतका दुरुस्त केलेला, की डॉक्टरांनी ऐवज द्यायला हो म्हटलेलं, पण विमान वर्ज्य केलेलं. म्हणजे हिनेच जायला हवं होतं. तिला रुग्ण म्हणून लगेच परवानगी मिळाली. आजारी माणसाला ते देश आत घेतात. त्याच्यासोबत धडधाकट माणूस आला की मात्र त्यांना शंका येतात.

“त्यांचं एकच म्हणणं असतं,” सल्लागार म्हणाला. तो पूर्वी झेरॉक्सचं दुकान चालवायचा. लोकांच्या कागदांच्या इतक्या प्रती काढल्यावर त्याला त्यांतला मजकूरही कळू लागला आणि त्याने पाटी बदलली. “तुम्ही तिकडेच राहाल, अशी त्यांना भीती. तर परत यायची कारणं दाखवायची. मुलंबाळं?”

“नाहीत.”

“जमीनजुमला?”

“भाड्याचं घर आहे.”

“आईवडील, म्हातारी आत्या, गेला बाजार एखादा कुत्रा?”

“मंडळी आहेत. म्हणजे, बायको.”

“त्या तर तिकडेच असणार ना, काका.” सल्लागाराने पेन ठेवलं. “अवघड आहे. तुम्हाला परत आणणारं जे काही आहे, ते तुम्ही बरोबरच घेऊन चाललात. नोकरीवर जोर देऊ. आणि एक प्रश्न हमखास येणार. बायकोला तिथे ठेवून एकटे परत याल का? तर ठणकावून हो म्हणायचं. अडखळलात की संपलं.”

ज्या माणसाला बायको माहेरी गेली की भात शिजलाय की नाही हेही कळत नसे, त्याला आता सिद्ध करायचं होतं की तिच्यावाचून त्याचं काही अडत नाही. तेही तिच्यासोबत जाता यावं म्हणून. लिफ्टवाल्यांनी हे दोनतीनदा मनाशी उलटंसुलटं करून पाहिलं. कुठूनही बसत नव्हतं.

त्या दिवसांत त्यांचा पाय एका जागी ठरेना. ज्या इमारतीतल्या लिफ्टची देखभाल ते करत, तिथल्या सगळ्या लिफ्ट ठीक असताना ते जिन्याने वरखाली करायचे. एकदा खरंच एक लिफ्ट दोन मजल्यांच्या मधे अडकली, तेव्हा केबिनच्या छतावर उतरून काम करताना त्यांनी सरावही उरकून घेतला. “बायको,” ते अंधारात म्हणाले. “माझी बायको. मी माझ्या बायकोबरोबर जाणार आहे.” शब्द बोगद्यात घुमून खाली गेला.

“अहो,” खालून, केबिनमधून एका बाईंचा आवाज आला, “बायकोबरोबर नंतर जा. आधी मला बाहेर काढा.”

दुसरी मुलाखत ठरली, तिच्या आदल्या संध्याकाळी बायकोने स्वतःच अधिकारी व्हायचं ठरवलं. ती रुग्णालयाच्या टेलिफोन बोर्डावर नोकरी केलेली. आवाजात अजून तो सरकारी गोडवा होता, ज्यात समोरच्याचं काम होणार नाही हे आधीच कळतं. ती टेबलाशी बसली आणि डोक्याचा रुमाल तिने नीट केला.

“नाव?”

“माहीत आहे की तुला.”

“अधिकाऱ्याला अगंतुगं करायचं नाही. कोणाबरोबर जाणार?”

“बायकोबरोबर.”

“छान. आता, तुमची बायको तिथे गेली तर?”

“तिथेच तर चाललीय.”

“गेली म्हणजे, गेली.”

लिफ्टवाले उठले. गॅस बंद आहे का पाहिलं. बंद होता. नळ घट्ट केला, तो घट्टच होता. परत येऊन म्हणाले, “हं. पुढचा प्रश्न.”

“पुढचा नाही, हाच. परत याल का?”

“हे तिथे सांगेन मी.”

“इथे जमत नाही, ते तिथे काय दिवे लावणार? बसा.”

ते बसले. “येईन,” टेबलाकडे बघत म्हणाले.

“आवाज येत नाहीये. लाइनवर खरखर आहे.”

“येईन.”

“कोणाला सोडून?”

स्वयंपाकघरातला फ्रिज बराच वेळ घरघरला आणि बंद झाला. ती वाट बघत राहिली. बोर्डावर तिला वाट बघायची सवय होती.

“तुला सोडून,” ते म्हणाले.

“बरोबर. आता हेच न उठता म्हणायचं. पुन्हा.”

तिने ते त्यांच्याकडून घोटून घेतलं, जेवण निवेपर्यंत.

दुसऱ्या दिवशी काचेपलीकडे तीच मुलगी होती. अधिकारी यायचा होता. ती काचेच्या भोकाशी वाकली.

“काका, मी आईला विचारलं. मंडळी म्हणजे... माझी चूक झाली. मी त्यांना हे सांगितलंही आहे.”

“असू दे गं. शब्दच तसा आहे. आम्हीच लपतो त्याच्यामागे.”

अधिकारी आला. कोणासमवेत, असं विचारताच लिफ्टवाले “बायको, माझी बायको,” इतक्या जोरात म्हणाले की शेजारच्या खिडकीवरचा माणूस वळून बघू लागला. नोकरी विचारली, ती सांगितली. मग अधिकारी थोडं लांबलचक बोलला. मुलीने तोंड उघडलं, मिटलं, आणि पुन्हा उघडलं.

“उपचार लांबले,” ती म्हणाली, “किंवा त्यांचं काही बरंवाईट झालं, तर तुम्ही मुदतीत परत याल का? एकटे?”

भाषांतर करताना तिच्या तोंडून आलेला हा पहिला साधा शब्द, बरंवाईट. लिफ्टवाल्यांनी तयारी केली होती ती लग्नपत्रिकेच्या भाषेतल्या प्रश्नाची. काउंटरखाली त्यांची बोटं, हातात नसलेला पाना फिरवू लागली.

“येईन,” ते म्हणाले. उठले नाहीत.

“कशासाठी, असं विचारताहेत.”

“लिफ्ट आहेत.”

अधिकाऱ्याचं समाधान झालं. लिफ्टसाठी परत येणारा माणूस भरवशाचा धरतात. बायकोसाठी जाणाऱ्याचं तसं नाही. त्याने शिक्का मारला आणि हसून काहीतरी म्हणाला.

“शुभेच्छा देताहेत,” मुलगी म्हणाली. मग हळूच, “माझ्याही, काका.”

घरी बायको दाराकडे तोंड करून बसलेली होती.

“काय विचारलं?”

“तू विचारलंस तेच.”

“मग?”

“म्हटलं, येईन.”

“शाबास,” ती म्हणाली, आणि भिंतीकडे वळून थोडा वेळ पडून राहिली.

निघायच्या दिवशी गाडी खाली येऊन उभी राहिली. बॅगा गाडीत ठेवून झाल्या. बायकोने घरभर एकदा नजर फिरवली, पडदे ओढले, आणि आपल्या पर्समधून घराची किल्ली काढून त्यांच्या हातात दिली.

“ही असू द्या तुमच्याकडे.”

“माझी आहे माझ्याकडे.”

“माझीही ठेवा. मला कशाला हवी? येताना तुम्हालाच उघडायचंय.”

त्यांनी दार ओढून घेतलं, तिच्याच किल्लीने कुलूप लावलं, ओढून पाहिलं, पुन्हा एकदा ओढून पाहिलं. मग जिन्याच्या दिशेने वळले, थांबले, आणि लिफ्टचं बटण दाबलं. लिफ्ट येईपर्यंत दोघं शेजारी उभी राहिली. दार उघडलं तेव्हा त्यांनी आधी आपली किल्ली खिशातून काढली, तिच्या किल्लीच्या कडीत अडकवली, आणि दोन्ही तिच्या पर्समध्ये टाकल्या.

तिने पर्सकडे पाहिलं. चेन ओढली. मग आत जाऊन, त्यांच्यासाठी दार धरून उभी राहिली.