नंदीच्या पुढच्या पायांत कोण?

पैज लागली ती प्रतापच्या डेकवर, भाजलेल्या कणसांना लिंबू चोळता चोळता.

"नंदीच्या पुढच्या पायांत मी की श्रीरंग, एवढंच ओळखायचं," प्रताप म्हणाला. "जजेसच्या स्टेजपाशी पोचायच्या आत. चुकलास तर तुझी मिशी जाणार. बरोबर निघालास तर माझी."

"वस्तऱ्याला धार लावून ठेव," एकनाथ म्हणाला आणि आपल्या झुबकेदार मिशीला पीळ दिला.

एडिसनपासून पाऊण तासावरचं मिलटन कॉर्नर्स हे गाव. दर सप्टेंबरात तिथे बंबवाल्यांचा कार्निव्हल भरायचा. दुकानदार ट्रकवर चित्ररथ सजवायचे, धट्टेकट्टे बाप्ये परकर नेसून नाचायचे. शहाऐंशी साली मराठी घरांनीही नंदीबैलाचं सोंग घेऊन नाव दिलं. पाइपचा सांगाडा, त्यावर रंगीत चादरींची झूल, कागदाच्या लगद्याचं मुंडकं. आत पुढे एक, मागे एक. आणि सोबत ढोलकं वाजवत नरेंद्र, पागोट्यात.

घरी गेल्यावर मालिनी कडाडली. "अहो, अण्णा वाईला ठणठणीत बसलेत! आपल्यात मिशी कधी काढतात, ठाऊक आहे ना? बाप गेल्यावर! आत्ताच्या आत्ता फोन करा आणि कॅन्सल करा."

"शब्द मागे घेऊ? प्रताप जगू देईल का मला?" एकनाथ म्हणाला. "आणि हरतंय कोण?" पण त्या रात्री वडील स्वप्नात आले, आणि नेमके पाठमोरे उभे राहिले.

एकनाथ औषधांच्या कंपनीत क्वालिटी कंट्रोलला. वीस वर्षं दुसऱ्याच्या गोळ्यांतली खोट काढण्यात गेलेली. दुधावरची तारीख वाचूनही तो दूध हुंगायचा. त्यात प्रताप हा असा. मागच्या वर्षी एकनाथच्याच लॉनवर 'घर विकणे आहे' असा बोर्ड रोवून गेला होता. अकरा गिऱ्हाइकं येऊन गेली, एक बाई तर किचन मोजायला लागली होती.

आठवडाभर एकनाथनं पाळत ठेवली. प्रतापच्या गॅरेजचं दार सताड उघडं. आत प्रताप नंदीचं मुंडकं चढवून बिनधास्त माना डोलावतोय, रस्त्यावरून दिसेल असा. 'मला दाखवतोय,' एकनाथनं ताडलं. 'म्हणजे तो मागे.' श्रीरंग मात्र दिसला की नुसता हसायचा. हा का हसतो? श्रीरंग जन्मापासून सगळ्यांनाच हसून दाखवायचा, हे एकनाथ त्या आठवड्यात साफ विसरला.

परेडच्या सकाळी मालिनी म्हणाली, "ऐका माझं. पुढे प्रतापच आहे. मुंडकं त्याच्या मापानं बांधलंय, त्याच्या बायकोनं, वसुधानं, आतलं अस्तर माझ्यादेखत शिवलं."

"तुला हे सांगायला कुणी सांगितलं?"

"कुणी म्हणजे? मला तुमची मिशी हवीय!"

"वसुधानं तुझ्यादेखतच का शिवलं मग? घरी दार लावून शिवता येत नव्हतं?"

मालिनीनं कपाळावर हात मारला.

दुपारी मेन स्ट्रीट माणसांनी फुलला. बँड वाजत गेला. मागोमाग टोनी न्हाव्याचा चित्ररथ, ट्रकवर खरीखुरी खुर्ची, खरा आरसा. आणि मग ढुम ढुम करत नरेंद्र, त्याच्यामागे नंदी. गोरी पोरं टाळ्या पिटत होती. नंदीला काहीही विचारा, तो 'हो' म्हणून मान हलवतो, हे नरेंद्रनं सगळ्यांना समजावलेलं. उद्या ऊन पडेल? हो. आमची टीम जिंकेल? हो.

एकनाथ कडेकडेनं पळत निरखत होता. पुढच्या पायांत प्रतापचे तपकिरी बूट. बूट काय, अदलाबदल करता येतात! पुढचा डावा पाय लंगडतोय. प्रतापचा गुडघा दुखतो खरा, पण लंगडायला कुणालाही येतं. जितके पुरावे सापडत गेले, तितकी त्याची खात्री उलटी होत गेली. शेवटी तो नंदीच्या नाकासमोर उभा राहिला.

"खरं सांग, तू प्रताप आहेस का?"

नंदीनं मान हलवली. हो.

"खोटारडा!" एकनाथ ओरडला. स्टेज दहा पावलांवर होतं. "श्रीरंग! पुढे श्रीरंगच!"

मुंडकं निघालं. आत घामानं निथळणारा प्रताप, या कानापासून त्या कानापर्यंत हसू. मागच्या पायांतून श्रीरंग उठला. तोही हसत होता, सवयीनं.

"काय डाव केलास लेका?" एकनाथचा आवाज चिरकला.

"देवाशपथ, काहीच नाही! पहिल्यांदाच आयुष्यात काही केलं नाही बघ!" प्रतापला हसू आवरेना. मग मालिनीचा चेहरा पाहून तो जरा वरमला. "जाऊ दे यार. राहू दे मिशी. अण्णा आहेत तिकडे."

एकनाथनं डोळे बारीक केले. मिशी राहू दे? प्रताप म्हणतोय? यात नक्की काहीतरी आहे. उद्या सगळ्या एडिसनभर सांगत सुटेल, हरला आणि पळाला म्हणून.

"दया नको मला," तो म्हणाला आणि तरातरा चालत टोनीच्या ट्रकवर चढला.

टोनीला काय, आयतं गिऱ्हाईक मिळालं. त्यानं फेस फासला, वस्तरा उघडला. गर्दी आकडे मोजायला लागली. डावी बाजू उडाली.

तेवढ्यात एडिसनहून परेड बघायला आलेल्या शरयूमावशी गर्दीतून पुढे आल्या. वर बघितलं आणि त्यांचा हात थेट पदराकडे गेला.

"अगं बाई! अण्णा गेले? कधी?"

"अण्णा ठणठणीत आहेत हो, मावशी!" एकनाथ फेसातून किंचाळला.

शरयूमावशींनी त्याच्याकडे बघितलं, मग मालिनीला जवळ घेतलं. "धक्का बसलाय गं त्याला. मानायलाच तयार नाहीये."

"मावशी, ते खरं सांगताहेत," मालिनी म्हणाली.

"तूही तसंच म्हणणार बाळा," मावशी तिच्या पाठीवरून हात फिरवत राहिल्या. तोवर टोनीनं उजवी बाजूही साफ केली.