बारावी कला, धडा आठवा

बारावीच्या इतिहासाचं पुस्तक हातात घेतलं की इंदूमॅडमना धाप लागायची. अख्खं जग, आणि ते जून ते जानेवारीत संपवायचं. त्यांना वरवर शिकवणं जमत नसे. यंदा तर दिवाळी फ्रेंच राज्यक्रांतीतच गेली. डिसेंबर उजाडला तरी कंधारच्या त्यांच्या कॉलेजात वर्ग पहिल्या महायुद्धातच अडकलेला.

आणि एके दिवशी भारत नावाच्या पोरानं बर्लिनची भिंत का बांधली ते घडाघडा सांगितलं. मॅडमच्या वेगानं तो धडा अजून दोन महिने लांब होता.

"कुणी शिकवलं रे?"

भारत खाली बघत राहिला. मागच्या बाकावरची बबिता उगीच वही चाळू लागली.

मॅडमच्या डोक्यात संशयाचा किडा वळवळला. राज्यशास्त्राचे श्रीपाद सर चोरून शिकवणी घेतात, अशी कुजबुज होतीच. त्यात गेल्या आठवड्यात जिन्याखाली बबिताच्या हातात कागदांचा गठ्ठा देताना मॅडमनी त्यांना पाहिलं होतं. मॅडम दिसताच सर गप्प झाले होते. मग मॅडमना सगळंच खटकू लागलं. सरांचं घाईनं निघणं, पोरांचं हसणं, स्टाफरूममध्ये आपण शिरताच थांबणारं बोलणं. आपला अभ्यासक्रम अपुरा राहिलाय हे दाखवून हा माणूस आपल्याला उघडं पाडणार! तिसऱ्या दिवशी त्यांनी प्राचार्यांकडे लेखी तक्रार दिली. सरांना नोटीस गेली.

तरी मन स्वस्थ बसेना. पुरावा हवा म्हणून त्या शनिवारी बबिताच्या मागोमाग बसस्टँडवर गेल्या.

पोरांच्या गावाकडच्या गाडीला तासभर अवकाश होता. सिमेंटच्या बाकाभोवती नऊ-दहा पोरं-पोरी दाटीनं बसलेली, आणि मधोमध उभी राहून बबिता शीतयुद्ध सांगत होती.

"बबिता! हे काय चाललंय?"

पोरं ताडकन उठली. बबिता चाचरत म्हणाली, "मॅडम, तुमी लई खोल शिकवता. आमाला आवडतंय बी. पण पुस्तक संपनार न्हाई मनून धडे वाटून घेतलेत. ज्याचा धडा त्यानं शिकवायचा."

"आणि श्रीपाद सर?"

"त्यांनी आमच्या टिपणांच्या झेरॉक्स काढून दिल्या. मॅडमला सांगू नका, त्यांना वाईट वाटंल, आसं मनाले."

मॅडमना तिथं उभं राहवेना.

सोमवारी त्यांनी तक्रार मागे घेतली आणि स्टाफरूममध्ये सगळ्यांसमोर सरांची माफी मागितली. सरांनी पेपर खाली ठेवला नाही.

"एकदा विचारायचं होतंत, मॅडम. दहा वर्षं शेजारी बसतोय आपण."

घंटा झाली. वर्गात जाऊन मॅडमनी खडू बबिताच्या हातात दिला आणि स्वतः मागच्या बाकावर बसल्या. पोरगी आधी लाजली, मग रंगात आली. एक साल चुकलं तसा मॅडमनी हात वर केला.

"बोला मॅडम," बबिता म्हणाली, आणि वर्ग हसला.