पेंढ्याची भिंत

शिवणकाम करून दोन मुली वाढवलेली ती बाई माझ्या टेबलावर घराचा नकाशा पसरून उभी होती. भिंती पेंढ्याच्या घट्ट दाबलेल्या गठ्ठ्यांच्या, दोन्ही अंगांनी मातीचा गिलावा. बांधकाम परवान्यांवर सह्या करण्यात माझी एकवीस वर्षं गेलेली. मला हसू आवरेना.

"बाई, काडी ओढली की संपलं! नियमात बसत नाही हे."

"मनाई आहे, की नुसतं लिहायचं राहिलंय?"

मी नियमावली चाळली. मनाई कुठेच नव्हती. बाहेरची भिंत आगीपुढे एक तास टिकावी, एवढीच अट.

"मग पेटवून बघा," ती म्हणाली.

तिनं आणि तिच्या गवंडी भावानं चाचणी केंद्रात नमुन्याची भिंत उभारली. गिलावा वाळायलाच दीड महिना गेला. मी घाई केली की भाऊ म्हणायचा, "साहेब, माती कुणाच्या घाईला भीक घालत नाही."

चाचणीच्या दिवशी भट्टीचालकानं भट्टीचं तोंड भिंतीला भिडवलं. काटा नऊशे अंशांवर गेला. विसाव्या मिनिटाला आतून तडकल्याचा आवाज आला आणि भावाचं तोंड एवढंसं झालं. चाळिसाव्या मिनिटाला भिंतीच्या मागच्या बाजूनं भट्टीचालकाची हाक आली, "साहेब, इकडे या. हात लावा."

आधी बोटं टेकवली, मग सगळा तळवा. भिंत गार होती. पलीकडे लोखंड लाल होईल अशी आग, मध्ये पेंढा, आणि अलीकडे सावलीतल्या भिंतीसारखा गारवा. माझ्या अंगावर सर्रकन काटा आला. बाईनं शेजारी हात टेकवला.

तास संपला तरी भट्टीचालक भट्टी बंद करेना. "अजून थोडं बघू या का?" दीड तासानं आम्हीच थांबवलं.

निवल्यावर भिंत कापली. वरची माती विटेसारखी भाजलेली, मागे चार बोटं कोळसा, आणि त्याच्या आत पिवळाधमक पेंढा. त्याला अजून शेताचा वास होता. आयुष्यभर लोखंड आणि सिमेंट भाजत आलेला भट्टीचालक एकच काडी कितीतरी वेळ चिमटीत फिरवत राहिला.

परवान्याला आणखी चार महिने लागले. वरच्या साहेबांना दोनदा तो कापलेला तुकडा दाखवावा लागला. घर पुरं झाल्यावर बाईनं बोलावलं. बाहेर रस्त्यावर ट्रक धडधडत होते. आत शिरून दार लोटलं आणि आवाज मिटला. हातभर खोल खिडकीत तिची धाकटी मुलगी पाय पसरून पुस्तक वाचत होती.

"बसा ना, साहेब," बाई म्हणाली.

भिंतीवर तळवा टेकवून मी उभाच राहिलो.