एकाच रांगेचे पंचांग

मित्रांनो, मला पाहून बहुतेक लोक मी द्राक्षे पिळायचा घाणा आहे असे समजतात. त्यांचे काही चुकत नाही. ज्या सुताराने मला घडवले तो जन्मभर घाणेच करत आला होता, आणि छापखान्याचे काम मिळाल्यावर त्याने घाण्यातच थोडा फेरफार केला. मी एक जुने लाकडी छापयंत्र आहे. ओकचे दोन खांब, मध्ये मळसूत्र आणि ते फिरवायला लांब दांडा, एवढाच माझा देह. द्राक्षांऐवजी मी अक्षरे दाबली. रस मात्र लालच निघाला, ते आता सांगतो.

माझा पहिला मालक तापाने गेला आणि त्याची बायको वाल्बुर्गा मालकीण झाली. आमच्या गावची रीत अशी की विधवेने दुसरे लग्न करेपर्यंत छापखाना चालवावा, पण कागदावर नाव मेलेल्या नवऱ्याचेच असावे. बाईने दुसरे लग्न केले नाही. ती स्वतः अक्षरांचे खिळे जुळवायची, स्वतः माझा दांडा ओढायची आणि गडी चुकला तर त्याच्या सात पिढ्या उद्धरायची. मी तिच्यावर फार माया करत होतो. ते लाकडाला शोभत नसेल, पण खरे आहे.

आमचे सगळ्यांत खपाचे काम म्हणजे भिंतीवर लावायचे एका पानाचे पंचांग. त्याचे गणित करायचे क्विरिन मास्तर. ते शाळेत लॅटिन शिकवायचे आणि दुपारी अंगणात काठी रोवून तिची सावली मोजत बसायचे.

त्या काळी रोमच्या पोपने पंचांग सुधारले होते. जुनी गणना सूर्याच्या मागे पडत पडत दहा दिवस मागे राहिली होती, म्हणून त्याने दहा दिवस गाळून टाकले. आमचा ड्यूक पोपला मानणारा. त्याने नवी गणना लगेच लागू केली. गाव मात्र लूथरपंथी, पोपला न मानणारे. ते जुन्यालाच चिकटून राहिले. ड्यूकच्या किल्ल्यावर चोवीस तारीख असे तेव्हा आमच्या देवळात चौदा असे. मास्तरांनी यावर तोड काढली. पंचांगात दोन रांगा, शेजारी शेजारी. काळी जुनी, लाल नवी.

"मास्तर, तुम्ही नक्की कुणाचे?" पाद्री टोबियास एकदा छापखान्यात येऊन गरजला. "पोपनं दोन आणि दोन चार सांगितले तरी ते पापच!"

"मग पाच म्हणू का, पाद्रीबाबा?" मास्तर म्हणाले. "पोप मलाही आवडत नाही. पण त्याचा हिशेब बरोबर आहे."

बाई हसली. पाद्री हसला नाही.

पुढे १५८७च्या फेब्रुवारीत किल्ल्यावर मांस वर्ज्य असलेले उपवासाचे दिवस सुरू झाले. गावाच्या गणनेने ते अजून लांब होते. हाइन्त्स खाटकाने नेहमीसारखे वासरू कापले आणि मांस दुकानात टांगले. शिपायांनी त्याला धरले. त्याने दुकानाच्या भिंतीवरून आमचे पंचांग काढून दाखवले. "मी काळ्या रांगेप्रमाणे कापलं. छापलंय की इथं!"

आमचे दार बाजारचौकात उघडते. मी सगळे पाहिले. त्यांनी हाइन्त्सचा उजवा हात त्याच्याच लाकडी ठोकळ्यावर ठेवला आणि त्याच्याच सुऱ्याने मनगटापासून तोडला. गाव पिसाळले. दोन शिपायांना लोकांनी दगडांनी ठेचून मारले. त्यातल्या एकाचा चेहरा त्याच्या आईलाही ओळखता आला नाही. मग किल्ल्यावरून घोडेस्वार आले आणि त्यांनी समोर येईल त्याला तुडवले. घराघरांतून आमची पंचांगे ओढून चौकात जाळली. एकही उरू दिले नाही. कागदावर मास्तरांचे नाव होते, म्हणून मास्तरांना नेले. छापणाऱ्याचेही नाव होते, पण मेलेल्या माणसाला बेड्या कशा घालणार?

चार दिवसांनी किल्लेदार ड्यूकचा हुकूम घेऊन आला.

"दोनशे नवी पंचांगं. फक्त नवी गणना, एकच रांग," तो म्हणाला. "जुनी रांग चूक आहे असं मास्तरानं लिहून दिलंय, ते खाली छापा. संत मथायसच्या दिवशी दुपारच्या आत किल्ल्यावर आली तर मास्तर सुटला. नाही आली, तर मुंडकं उडालं."

"भेटू देता का त्यांना?" बाईने विचारले.

"भेटायचं सुटल्यावर."

आमच्याकडे लोक तारीख आकड्याने सांगत नसत, संतांच्या नावाने सांगत. मथायसचा दिवस म्हणजे फेब्रुवारीची चोवीस, दोन्ही गणनांत. प्रश्न एवढाच होता की आज किती? बाईने बोटे मोजली. देवळात त्या दिवशी दहा तारीख होती. म्हणून तिच्या हिशेबी चौदा दिवस होते.

किल्ल्यावर त्या दिवशी वीस होती. चारच दिवस होते.

मित्रांनो, तिला मूर्ख म्हणू नका. लहानपणापासून ती ज्या घंटेवर उठली, जेवली, ज्या घंटेवर तिने नवरा पुरला, त्या घंटेची तारीख तिच्या हाडांत मुरली होती. दोन रांगांचा एक जरी कागद घरात उरला असता तरी लाल मथायससमोर काळे चौदा तिला दिसले असते. पण ते कागद जळाले होते, आणि नव्यात ती रांगच नव्हती.

"पोपचं पंचांग आम्ही ओढणार नाही," म्हणून दोन गडी निघून गेले. उरला एकटा वेन्ट्सेल, बोहेमियाचा, एका डोळ्याने अधू.

"मालकीणबाई, छपाईसाठी कागद उद्याच ओला करू का?"

"कर. पण घाई नको. काळी अक्षरं आधी, मग सणांपुढच्या लाल खुणा. ड्यूकसाहेबांना लाल लागतं. मास्तरांचा जीव आहे तो, डाग पडता कामा नये."

दोघांनी राबून तीन दिवसांत काळी छपाई संपवली. दोनशे कागद दोरीवर सुकत होते. ते तसेच नेले असते तरी चालले असते, मित्रांनो! लालबिल कुणी मागितलेच नव्हते.

चौथ्या दिवशी सकाळी किल्ल्यावर घंटा वाजू लागल्या.

"आज कसल्या घंटा?" वेन्ट्सेलने विचारले.

"असेल त्यांचा काहीतरी सण," बाई म्हणाली आणि लाल शाई घोटत राहिली.

दुपारची घंटा झाली आणि चौकात ढोल वाजला. तो ढोल फक्त मुंडके उडवायच्या वेळी वाजे, हे गावात सगळ्यांना ठाऊक होते. बाईने दारातून पाहिले. फळ्यांच्या चौथऱ्यावर मास्तर गुडघ्यांवर बसलेले होते. सदऱ्याची कॉलर फाडलेली. शेजारी लांब तलवार घेतलेला माणूस.

तिने दोरीवरून कागद ओरबाडले आणि धावत सुटली. "थांबा! हे बघा, दोनशे! मोजून घ्या!"

"दुपार टळली, बाई," किल्लेदार म्हणाला.

"अहो, मथायसला अजून दहा दिवस आहेत!"

किल्लेदार शिपायांकडे वळून हसला. "ऐकलंत? हातात नवं पंचांग, तोंडात जुनं!"

मास्तरांनी मान वर केली. ते रागावले नव्हते. वर्गात कुणी गणित चुकले की ते जसे बोलत तसेच बोलले. "वाल्बुर्गाबाई, चोवीसच आहे आज. सूर्याला विचारा."

पहिला घाव खांद्यात बसला. मास्तर किंचाळले. दुसऱ्याला मान अर्धी तुटली. तिसऱ्याला डोके फळ्यांवरून घरंगळून बाईच्या पायाशी आले. तिच्या हातातल्या कागदांवर, सणांपुढच्या कोऱ्या जागांवर लाल उडाले.

एवढ्यावर भागले नाही. शिपाई गेल्यावर गर्दीने तिच्या हातातले कागद पाहिले. "पोपची दासी!" कुणीतरी ओरडले. ज्यांच्या लग्नपत्रिका तिने छापल्या होत्या, त्यांनीच तिचा उजवा हात उंबऱ्यावर धरून बोटे हातोड्याने ठेचली. मग ते माझ्याकडे वळले. माझा दांडा मोडला, एक खांब कुऱ्हाडीने चिरला. आडवा आला म्हणून वेन्ट्सेलचा उरलेला डोळा फोडला. खिळे गटारात ओतले. मला दुखते असे मला त्या दिवशी पहिल्यांदा कळले.

दहा दिवसांनी आमच्या देवळात मथायसची घंटा झाली. त्याच दुपारी पाद्री टोबियास मृत्यूची वही घेऊन आला. त्याचा आवाज आता खाली आला होता. मास्तर त्याच्याच पंथाचे, नोंद करणे भाग होते.

"चौदा फेब्रुवारी लिहितो," तो म्हणाला.

"चोवीस लिहा," बाई म्हणाली. तिचा हात फडक्यात बांधलेला होता.

"आमच्या देवळात चोवीस आज आहे, बाई."

बाईने बांधलेला हात वहीवर ठेवला. "मग आज दुपारपर्यंत ते जिवंत असायला हवे होते, पाद्रीबाबा. कुठं आहेत?"

पाद्रीने वही मिटली. ती ओळ त्या वहीत कोरीच राहिली.

मित्रांनो, पुढे मला दुरुस्त केले, पुष्कळ हातांनी माझा दांडा ओढला. वाल्बुर्गाबाईने मात्र पुन्हा कधी ओढला नाही. मला तेलपाणी करा, वाळवीपासून जपा, असे मी तुमच्याकडे काही मागत नाही. मागायचे ते एकच. मथायसचे नाव मी त्या तीन दिवसांत दोनशे वेळा छापले आणि मला एकदाही विचारता आले नाही की बाई, हा दिवस कुणाच्या गणनेतला? मी लाकूड आहे. तुम्हाला तोंड आहे. कुणाच्या जिवाची मुदत तुमच्या हातात आली, तर आधी विचारा.