सत्कारमूर्ती, क्रमांक सहाशे बारा

फेटा. भगवा, कडक, कानावर करकचलेला.

फ्लेक्सवर आमदार रविराजदादांचा चेहरा ट्रॅक्टरच्या चाकाएवढा, तिचा लिंबाएवढा.

महिला टेनिसची जागतिक क्रमवारी: ती गेल्या वर्षी नऊशेच्या पलीकडे, आता सहाशे बारा.

पुण्यात स्पर्धेच्या ऑफिसात एक टेबल. प्रतीक्षा यादीतल्या मुलींनी दुपारी चारपर्यंत स्वतः येऊन सही करायची. कुणी माघार घेतली, तर सही केलेल्यांना यादीच्या क्रमाने जागा. जी येणार नाही, तिला जागा नाही.

तिसगाव. दहाचा कार्यक्रम. बारा वाजलेले.

स्टेजवर मधल्या खुर्चीला टर्किश टॉवेल. खुर्ची रिकामी.

शेजारच्या प्लास्टिकच्या खुर्चीतून ज्ञानेश्वरी वडिलांकडे वाकली. "आबा, आत्ता निघालो तरच पोचू."

"दादा फाट्यावर आलेत."

"तासभर फाट्यावरच आहेत."

"सत्काराआधी सत्कारमूर्ती उठत न्हाई, बाई. मला गावात ऱ्हायचंय."

"जागा जाईल माझी. यादीत पहिलं नाव आहे."

"पहिलं हाय नव्हं? मंग पहिल्याला कोन काढतंय?"

निवेदकाने तोवर तिला माईकवरून जिल्ह्याची, देशाची आणि शेवटी आशियाची करून टाकले. प्रत्येक बढतीला टाळ्या. अर्ध्या चड्डीत पोरगी नाचवतो म्हणून याच पुढच्या रांगेने आबांना चार वर्षे टोचले होते. आता रांग सेल्फीसाठी केस विंचरत होती.

"किती येळ बसवायचं लेकराला?" मागून तिची चुलती साळूबाई म्हणाली. "दादा काय नवरदेव हायेत व्हय?"

दादा दीडला आले. स्वतःविषयी बोलले. मग धरणाविषयी, म्हणजे पुन्हा स्वतःविषयी. ज्ञानेश्वरीला 'आपली ज्ञानदा' म्हणत शाल घातली. फोटोत दादांचे डोळे मिटले होते, म्हणून शाल काढून पुन्हा घातली.

ती उठली.

"कुठं पळता ताई? जेवन हाय. पुण्यात माझं नाव सांगा, काम हुतंय."

"तिथं माझंच नाव लागतं, दादा."

"चेष्टा करतंय लेकरू," आबा दोन्ही हात जोडून हसले.

चार वाजले तेव्हा गाडी शिरूरच्याही अलीकडे होती. आबांनी घड्याळाकडे पाहिले, मग तिच्याकडे.

"दादांना फोन लावू का?"

तिने फेट्याची गाठ सोडली. कपाळावर लाल वळ उठला होता. गाडी पुण्याच्याच दिशेने चालली होती. वळवा, असे दोघांपैकी कुणीच म्हणाले नाही.

पुण्यात एका मुलीने सकाळी अकरालाच माघार घेतली होती, आणि त्या दिवशी तेवढी एकच जागा रिकामी झाली.