परसातले तीन दगड

इतवारा पेठेतल्या गिरधरशेठच्या धान्याच्या दुकानात त्या वर्षी एकच वाद चाले, नव्या राज्यरचनेत आपलं बुऱ्हाणपूर कोणत्या राज्यात जाणार. त्यांच्या बायकोला, मालूबाईला, त्याचं सोयरसुतक नव्हतं. तिची मांजर चंपी पिवळी पडली होती.

"कावीळच हे," सासूबाई मथुराबाईंनी निकाल दिला. झालं, माणसाचं पथ्य मांजराला लागू! तेल-तूप बंद, मीठ बंद, दूध बंद, नुसता उसाचा रस. चंपी तोंड फिरवी. पोट खपाटीला गेलं.

शेवटी मालूबाईने तिला पिशवीत घातलं आणि गुरांचा दवाखाना गाठला. बैलांमध्ये मांजर बघून लोक हसले. मालूबाई जागची हलली नाही. डॉक्टरांनी चंपीचा कान उलटा करून पाहिला, हिरड्या पाहिल्या, ताप मोजला. बरगडीखाली दाबताच ती कळवळली.

"यकृताला सूज दिसते. नक्की सांगायला इथं साधन नाही, पण जंतूंचा संशय आहे. पेनिसिलिन टोचतो, रोज आणा. खायला काय देता?"

"उसाचा रस."

"अहो, मांजर आहे ती! उपाशी राहिली तर यकृत आणखी बिघडेल. मासे भरवा, बळजबरीने भरवा."

मासे! ज्या घरात कांदासुद्धा चोरपावलांनी येई, तिथे. मालूबाईने नदीपलीकडच्या जैनाबादहून तापीतले मासे आणले, परसात तीन दगड मांडले आणि सगळ्या आळीदेखत शिजवले.

मथुराबाई दारात आल्या. "घर बाटवलं! उचल ते दगड, नई तर घरात पाय ठेवू नको."

"नई ठेवत." मालूबाईने माशाचा गोळा चंपीच्या जबड्यात सारला. "लगन झाल्यावर मले कावीळ झाली, तवा तुमी मले असंच भुकी ठेवलं, आत्याबाई. मी सून होती, गप बसली. आता नई बसत."

तिने अंथरूण परसातच टाकलं; रोज चंपीला टोचून आणी आणि भरवी. गिरधरशेठ समजूत घालायला आले आणि तिचे डोळे पाहून आल्या पावली परतले. शेजारणींचे टोमणे तिला झोंबत, पण दगड हलले नाहीत. एका सकाळी चंपीने तिचं बोट सोडून स्वतःच थाळीत तोंड घातलं, तेव्हा मात्र मालूबाई ढसाढसा रडली.

"न्हाऊन घरात ये," मथुराबाई म्हणाल्या. मालूबाई आली. दगड तिथेच राहिले.

पुढे शेजारच्या नव्या सुनेला, कोकिळेला, कावीळ झाली. तिलाही रसावर ठेवल्याचं कळताच मालूबाईने तांदूळ घेतले आणि ती परसातली चूल पेटवायला निघाली. मथुराबाईंनी तिचा हात धरला.

"तिथं मासळी शिजली, बाई. आतल्या चुलीवर टाक भात. आन मीठ घाल, भुक्या पोरीले आळणी नको."