शेवटची तपासणी: एक तारीख

मी एक जुनी यादी आहे. वाणसामानाची नव्हे आणि लग्नाच्या आमंत्रणांचीही नव्हे. मी इंटरनेटवर राहते. ज्यांना लेखक व्हायचे आहे आणि जे घरबसल्या लिहून पोट भरतात, त्यांच्या उपयोगाच्या सदतीस वेबसाइटचे पत्ते माझ्याजवळ आहेत. तुम्ही एखाद्या पत्त्यावर बोट टेकवले की मी तुम्हाला त्या दाराशी नेऊन सोडते. एवढेच माझे काम. मित्रांनो, हे काम मी सोळा वर्षे करत आले आहे. पण आज जे सांगणार आहे, ते मी अभिमानाने सांगत नाही.

मला एका मुद्रितशोधक बाईंनी तयार केले. पुस्तक छापण्याआधी त्यातल्या चुका शोधणे, हे त्यांचे काम. एकतीस वर्षे त्यांनी ते केले. त्यांच्या तावडीतून साधा स्वल्पविराम सुटत नसे. निवृत्त झाल्यावरही नवे लेखक त्यांना फोन करत. कथा कुठे पाठवू, करारात काय बघू, हा शब्द ऱ्हस्व की दीर्घ, असे तेच तेच प्रश्न असत. उत्तरे देऊन देऊन घसा बसला, तेव्हा बाईंनी जेवणाच्या टेबलाच्या एका कोपऱ्यावर कॉम्प्युटर मांडला आणि लेकीच्या मदतीने मला जन्म दिला.

बाईंनी माझ्यात जीव ओतला होता. नुसते पत्ते लिहून त्या थांबल्या नाहीत, तर प्रत्येक पत्त्याखाली एक ओळ त्यांची स्वतःची असे. शब्दकोशाखाली लिहिले होते, ‘अडलात तर इथे या. कधीच अडत नसाल तर आधी इथे या.’ एका मासिकाखाली होते, ‘हे नकारही कारणासकट देतात, तो जपून ठेवा.’ नमुना करार जिथे मिळत, त्या पत्त्याखाली होते, ‘सही करण्याआधी दोनदा वाचा. समोरचा घाई करत असेल तर तीनदा.’ लोकांना पत्त्यांइतक्याच या ओळी आवडत.

अकरा नंबरवर एक खास वेबसाइट होती. तीन निवृत्त संपादक नवख्या लेखकांचे पहिले हस्तलिखित हौसेने वाचत आणि आपले मत कळवत. त्याखाली बाईंनी लिहिले होते, ‘माझ्या ओळखीची माणसे आहेत. डोळे झाकून पाठवा.’ बाई सहसा कोणाची इतकी तारीफ करत नसत.

दर महिन्याच्या एक तारखेला, सकाळचा चहा झाला की, माझी तपासणी असे. बाई एकेक पत्ता स्वतः दाबून बघत आणि पुटपुटत, “आहेस ना गं जागेवर?” दार उघडले नाही तर तो पत्ता तिथल्या तिथे कापला जाई. एकदा एका दिवसात माझे पाच पत्ते गेले. मला फार वाईट वाटले होते. बाईंना त्याचे सोयरसुतक नव्हते. “बंद दार दाखवायचं आणि माणसाला तिथे ताटकळत ठेवायचं, हे आपल्याला जमणार नाही,” असे त्या लेकीला म्हणाल्या.

तपासणी झाली की त्या माझ्या तळाशी लिहीत, ‘शेवटची तपासणी: एक तारीख’, आणि पुढे महिना व वर्ष. पण गंमत अशी, की सदतीस पत्ते न चुकता तपासणाऱ्या बाई तेवढा महिना बदलायला विसरत. मग लेकीने एक शक्कल काढली.

“आई, तू तपासतेस तर दर एक तारखेला. मग महिना आपोआप बदलेल असं करून देते ना.”

“आणि एखाद्या महिन्यात मी तपासलंच नाही तर?”

“तू? तू तापात फणफणली होतीस तेव्हाही तपासलं होतंस.”

दोघी हसल्या. मलाही ती सोय आवडली. त्या दिवसापासून माझी तारीख आपली आपण बदलू लागली.

दुसरी एक सोय बाईंनी स्वतः करून घेतली. माझ्या खाली वाचकांना अभिप्राय लिहिता येत. त्यात केस उगवणाऱ्या तेलाच्या जाहिराती घुसू लागल्या, तेव्हा बाईंचे पित्त खवळले. त्यांनी असे कुलूप लावले, की लिहिलेला अभिप्राय त्यांनी वाचून होकार दिल्याशिवाय कोणालाच दिसणार नाही.

ते माझे सुखाचे दिवस होते. माझ्यामुळे कोणाला भाषांतराचे पहिले काम मिळाले, कोणाची नाटिका रेडिओवर लागली. आभाराचे अभिप्राय येत आणि बाई ते लेकीला फोनवर वाचून दाखवत. वाचताना त्यातल्या शुद्धलेखनाच्या चुकाही सांगत.

सहा वर्षांपूर्वी एका महिन्याच्या नऊ तारखेला बाई दवाखान्यात गेल्या आणि परत आल्याच नाहीत. पुढची एक तारीख उजाडली. चहाचा कप वाजला नाही, कोणी एकही पत्ता दाबून पाहिला नाही. तरी माझ्या तळाशी महिना बदलला. मित्रांनो, ते माझे पहिले खोटे. मला वाटले, एखाद्या महिन्याची गोष्ट आहे, कोणीतरी येईल आणि सावरून घेईल. कोणी आले नाही. तेव्हापासून मी दर एक तारखेला खोटे बोलते आहे आणि माझे तोंड धरणारे कोणी नाही.

आता मी तुम्हाला लिफ्टवाल्याबद्दल सांगते.

तो मोठमोठ्या इमारतींमधल्या लिफ्ट दुरुस्त करतो. दोन वर्षांपूर्वी त्याने मला पहिल्यांदा उघडले, ते एका इमारतीच्या गच्चीवरच्या मशीनच्या खोलीत, फोनवर. खालचा जोडीदार येईपर्यंत त्याला तिथे बसून राहावे लागे. त्या रिकाम्या वेळात तो लिहीत असे. आठ वर्षे त्याने असे तुकड्यातुकड्यांनी लिहून एक कादंबरी पुरी केली होती.

ती कादंबरी म्हणजे त्याच्या दादाची गोष्ट होती. दादाही लिफ्टच्याच कामातला. धाकट्याला हे काम त्यानेच शिकवले. लिफ्टच्या उभ्या बोगद्यात उतरला की दादा सतत शीळ घालत राही, म्हणजे वर-खाली असलेल्यांना कळावे, की आत माणूस आहे. एके दुपारी ‘काम चालू आहे’ असा फलक लावलेला असताना कोणीतरी खालून वीज चालू केली. लिफ्ट हलली आणि शीळ थांबली. चौकशीत शेवटी दादाचाच निष्काळजीपणा ठरला. दादा निष्काळजी नव्हता, हे जगाला सांगायचे, एवढ्यासाठी लिफ्टवाला लेखक झाला होता.

घरी स्वयंपाकघराला लागून त्याचा जुना कॉम्प्युटर होता. तिथे मी बरेचदा उघडी असे, त्यामुळे त्या घरातले बोलणे माझ्या कानावर पडे. आई कांदे चिरता चिरता विचारी, “अरे, पुस्तकात दादाचं नाव येणार ना?”

“पहिल्याच पानावर, आई.”

“मोठं टाक हं. चष्म्याशिवाय वाचता आलं पाहिजे मला.”

लिफ्टवाल्याने माझा पुरेपूर उपयोग केला. शब्दकोशात शब्द पाहिले, शुद्धलेखन तपासले. नमुना करारही त्याने दोनदा वाचला, कारण बाईंनी तसे लिहिले होते. असा मन लावून वाचणारा माणूस मला फार दिवसांनी भेटला होता. त्याच्यावर माझा जीव जडला. आणि मग तो अकरा नंबरपाशी थांबला.

त्याची बायको मागे उभी होती. ती म्हणाली, “अहो, असं कोणालाही सगळं पुस्तक पाठवायचं?”

“अगं, यादीवाल्या बाईंच्या ओळखीचे आहेत. बघ, काय लिहिलंय. आणि खाली बघ, याच महिन्यात तपासलंय.”

तिने वाकून खाली पाहिले. तारीख चार दिवसांपूर्वीची होती. “मग पाठवा,” ती म्हणाली.

त्याने पाठवले. पाठवताना एक लांबलचक मजकूर पुढे आला. त्याखाली ‘मला मान्य आहे’ असा चौकोन होता. इतर कुठेही असता तर त्याने तो मजकूर वाचला असता. इथे त्याने माझ्यावर विश्वास ठेवला आणि चौकोनात खूण केली.

सात महिने काही उत्तर आले नाही. आई रोज विचारी आणि तो रोज सांगे, “वाचतायत, आई. मोठं आहे ना पुस्तक.”

मग एका सुट्टीच्या दिवशी बायको फोन घेऊन धावत आली. पुस्तके विकणाऱ्या एका वेबसाइटवर तिला एक नवी कादंबरी दिसली होती. मुखपृष्ठावर लिफ्टचे दार होते. आतली पहिली चार पाने फुकट वाचायला ठेवली होती.

“अहो, ही शीळ... हे तर तुमचं आहे. शब्दन्शब्द.”

लेखकाच्या जागी त्याने कधी न ऐकलेले नाव होते. अर्पणाच्या पानावर जिथे त्याने दादाचे नाव लिहिले होते, तिथे आता ‘माझ्या रसिक वाचकांना’ असे छापले होते. लिफ्टवाला ती चार पाने पुन्हा पुन्हा वर-खाली करत राहिला. बायकोने त्याच्या खांद्यावर हात ठेवला, तो त्याला कळलाही नाही. मला तेव्हा आपले सगळे पत्ते पुसून टाकावेसे वाटले, पण यादीला स्वतःचे अक्षरही पुसता येत नाही.

त्याने बरीच धडपड केली. शोधत शोधत तो त्या तिघांपैकी एका म्हाताऱ्या संपादकांपर्यंत पोचला. ते फोनवर चक्रावून गेले. “अहो, आम्ही तर ते चार वर्षांपूर्वीच बंद केलं. आमच्यातला एक गेला, दोघांचे डोळे गेले. वेबसाइटच्या नावाचे पैसे भरणं सोडून दिलं, तसं ते नाव मोकळं झालं. कोणीतरी उचललं असणार.” ज्यांनी उचलले होते, त्यांनी पाटी तीच ठेवली होती, रंगही तेच ठेवले होते आणि आत दुकान थाटले होते. लिफ्टवाल्याने त्यांना पत्र लिहिले. त्यांचे उत्तर दोन ओळींचे होते. ‘आपण सर्व हक्क आम्हाला दिले आहेत, कोणत्याही नावाने छापण्याचा हक्कही त्यात येतो.’ सोबत त्याने मान्य केलेला मजकूर जोडला होता. वकिलाने तो वाचला आणि नकारार्थी मान हलवली.

त्यानंतर लिफ्टवाला माझ्याकडे आला. मला वाटले, आता शिव्या मिळणार. मी त्या खाल्ल्या असत्या. पण त्याने अभिप्रायाच्या चौकोनात असे लिहिले: ‘बाई, नमस्कार. तुमची यादी फार चांगली आहे. मला पुष्कळ शिकायला मिळाले. फक्त अकरा नंबर काढून टाका. तिथे आता दुसरी माणसे बसली आहेत. माझ्या भावाचे पुस्तक तिथे गेले. आणखी कोणाचे जाऊ नये. काढलेत की मला कळवा, म्हणजे जिवाला बरे वाटेल.’

त्याने तो पाठवला. मी नेहमीप्रमाणे उत्तर दिले, ‘आपला अभिप्राय तपासणीनंतर दिसेल.’ आणि तो कुलपाआड गेला. तिथे तसेच एकोणीस अभिप्राय आधीपासून पडून होते. त्यांतल्या सहांनी अकरा नंबरबद्दलच लिहिले होते. म्हणजे लिफ्टवाला येण्याआधीच सहा जणांनी धोक्याची सूचना दिली होती. ती फक्त मला माहीत होती आणि मला ती त्याच्या कानात सांगता आली नाही. ही गोष्ट मला खात राहते.

गेल्या वर्षी लेक आली. इंटरनेटवरच्या माझ्या जागेची मुदत संपत आली होती, तशी सूचना तिला गेली होती. बाईंच्या त्याच टेबलापाशी बसून तिने मला उघडले. मला इतका आनंद झाला म्हणून सांगू! वाटले, सुटले आता. तिने बाईंची एकेक ओळ वाचली. शब्दकोशाची ओळ वाचून हसली आणि मग तिला रडू आवरेना. तिचा नवरा शेजारी येऊन बसला.

“हे बघ,” तो म्हणाला, “वीस अभिप्राय वाचायचे राहिलेत.”

“नको. आईसाठी लिहिलेत ते. ती नाही, हे मी कोणाकोणाला सांगत बसू?”

“पत्ते तरी बघायचेस का चालतात ते?”

“नको रे. काही काढावं लागलं तर माझ्याच्याने नाही होणार. आईचं आहे तसं राहू दे.”

आपण बसवलेली तारीख ती पार विसरून गेली होती. तिने माझी मुदत दहा वर्षांनी वाढवली. माझ्या माथ्यावर एक ओळ घातली, ‘आईने केलेली यादी. यातले एक अक्षरही बदललेले नाही.’ मग हळुवार हाताने मला बंद केले. मला तिचा राग येत नाही. तिने जे केले ते मायेपोटीच केले, आणि म्हणूनच मला जास्त भीती वाटते. ती नवी ओळ वाचून लोक माझ्यावर पूर्वीपेक्षाही जास्त विश्वास ठेवू लागले आहेत.

लिफ्टवाला अजून अधूनमधून मला उघडतो. वरचे काही वाचत नाही. सरळ तळाशी जातो, आपला अभिप्राय दिसतो का ते पाहतो, अकरा नंबर गेला का ते पाहतो आणि मला मिटतो. आता तो लिहीत नाही. परवा तो असाच बसला होता, तेव्हा आतून आईने विचारले, “वाचून झालं का रे त्यांचं?”

“होत आलंय, आई,” तो म्हणाला.

मित्रांनो, तुमच्या घरातही कोणीतरी मोठ्या कष्टाने केलेले काही मागे ठेवले असेल. ते जपायचे असेल तर त्याला हात लावा. ते उघडा, तपासा, जे मेले असेल ते काढून टाका. त्या माणसाचा त्यात अपमान नाही. आणि त्या लेकीला तुम्ही ओळखत असाल, तर तिला एवढेच सांगा, की आईच्या जागी बसून एकदा ते वीस अभिप्राय वाच. मला कापले तर मला दुखणार नाही. उलट माझे अजून नऊ वर्षांचे आयुष्य बाकी आहे, त्याचीच मला धास्ती आहे. आज एक तारीख आहे. सकाळीच माझा महिना बदलला, आणि तेव्हापासून अकरा नंबरवरून चार जण आत गेले आहेत.